ज्यानं उघडला, त्यानंच मिटावा

त्या रविवारी चर्चमधून परत येताना रॉडनीनं गाडीतच सांगून टाकलं, "आज जेवण झालं की मी डॅडींशी बोलणार आहे. तू मध्ये पडू नकोस."

मध्ये पडू नकोस म्हणे! कोंबडी मी तळायची, बीन्स मी शिजत घालायच्या, सफरचंदाच्या केकचे थर मी लावायचे, आणि बोलायची वेळ आली की मी तोंडाला कुलूप लावायचं. मी म्हटलं, "बरं." नवरा गाडी चालवत असला की मी सगळ्यालाच बरं म्हणते.

बोलायचं काय होतं ते मला ठाऊक होतं. सासऱ्यांनी, म्हणजे वर्लिन टिप्टननी, आयुष्यभर जमवलेल्या चाकूंच्या कपाटाची किल्ली रॉडनीकडे द्यायची, लॉरेल फोर्क ओढ्याच्या वर डोंगरातलं आपलं घर बंद करायचं आणि आमच्या मागच्या खोलीत येऊन राहायचं. रॉडनीच्या मते त्यांचं डोकं जागेवर राहिलेलं नव्हतं.

बाहेरचा कोणी म्हणेल, ऐंशीला टेकलेला माणूस आहे, विसरला असेल काहीबाही. छे! आमच्या मुलीच्या, शेल्बीच्या जन्मापासून मीही त्यांना तिच्यासारखं पापॉ, म्हणजे आजोबा, म्हणते, तर या पापॉंना विचारा, अमका चाकू कुठे घेतला, कोणाकडून घेतला, त्या दिवशी ऊन होतं की पाऊस होता. घडाघडा सांगतील. खटकत होतं ते वेगळंच. पापॉ हल्ली चाकू मिटलेला देत होते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघर नंतर दाखवलं, चाकूची रीत आधी शिकवली. दुसऱ्याला चाकू बघायला द्यायचा तो आपण उघडून, मूठ त्याच्याकडे करून. त्यानं बघावा, चार शब्द बरे बोलावेत आणि उघडाच परत करावा. ज्यानं उघडला त्यानंच मिटायचा. दुसऱ्यानं मिटला तर अपशकुन. आणि मिटलेलाच हातावर ठेवणं म्हणजे पाहुण्यापुढे रिकामं ताट सरकवून 'घ्या हो तुमचं तुम्ही वाढून' म्हणण्यासारखं. आमच्या डोंगरात यावरून सोयरिकी मोडल्या आहेत.

थोरल्या क्रॉकेटनी, म्हणजे रॉडनीच्या आजोबांनी, तंबाखूचं कोठार पेटवलं आणि स्वतः आत बसून राहिले, हे सगळ्या परगण्याला माहीत आहे. त्यांना ओढून बाहेर काढलं तेव्हा त्यांनी पोटच्या पोराला ओळखलं नाही. पण त्याची सुरुवात कशी झाली ते फक्त घरच्यांना माहीत होतं. कोर्टाच्या चौकात झाडाखाली म्हातारे चाकूंची अदलाबदल करत बसतात, तिथे एकानं उघडून दिलेला चाकू क्रॉकेटनी हसत हसत मिटला आणि स्वतःच्या खिशात टाकला. लोक हसले, घरचेही हसले. रॉडनी तेव्हा शाळकरी पोर, तोही हसला होता. त्या हसण्याचा सल त्याच्या मनातून कधी गेला नाही. तीस वर्षं त्याच्या शेजारी झोपतेय, मला माहीत नसणार तर कोणाला?

म्हणून पापॉ मिटलेले चाकू पुढे करायला लागले तशी रॉडनीची झोप उडाली. त्यात मागच्या महिन्यात चौकात त्यांनी एका परक्या माणसाला सांगितलं, "तूच उघड आणि तूच मिट." घरी आल्यावर एक चाकू टेबलावर उघडाच टाकून ते अंगणात निघून गेले. एका टिप्टननं उघडा चाकू टाकून जावं! रॉडनीनं त्याच दिवशी ओलीटा आत्याला फोन लावला.

ओलीटा आत्या म्हणजे पापॉंची धाकटी बहीण. तीन नवरे पुरले तिनं, आणि तिन्ही वेळा डोळे पुसून झाल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर मयताच्या खिशातला चाकू आपल्या पर्समध्ये टाकला. ती रॉडनीच्या बाजूनं बोलायला कबूल झाली होती. शेल्बी अर्थातच पापॉंच्या बाजूची. मी कोणाच्या बाजूची ते मला कोणी विचारलंच नव्हतं.

पापॉ आले ते नेहमीसारखे आपला पिकअप ट्रक स्वतः चालवत, इस्त्रीच्या डांगरीत, काखेत चाकूंची गुंडाळी. जेवण गुण्यागोविंदानं झालं. केक आला, कॉफी आली, आणि रिवाजाप्रमाणे मी टेबलावरचं मेणकापड पुसून दिलं. मग प्रत्येकानं आपापली दौलत मांडली.

टिप्टनांचं कुळ बघायचं असेल तर त्या टेबलावर बघावं. शेल्बीचे चाकू काळे, करडे, टोकदार. मागचं टोक बोटानं दाबलं की खट्कन पातं बाहेर. पोलादाची नावं अशी घेते, जणू वर्गातल्या मैत्रिणीच. रॉडनीचे सगळे कोरे, कारखान्याच्या तेलकट कागदात, मूळ डबीत. त्यांनी आजवर सुतळीचा तुकडासुद्धा कापलेला नाही. ते हातात घेताना तो सुती हातमोजे घालतो. मला लग्नाची अंगठी घालताना एवढी काळजी घेतली नव्हती बाई त्यानं. ओलीटा आत्याचे मोत्याच्या शिंपल्याच्या मुठीचे, करंगळीएवढे. आणि पापॉंचे हाडाच्या नि शिंगाच्या मुठीचे, वापरून वापरून पातं काळसर पडलेले.

"पोरी, हे चाकू आहेत की गाडीचे सुटे भाग?" ओलीटा आत्यानं शेल्बीला छेडलं.

"आणि तुझे आत्याआजी? बाहुलीच्या घरातले?"

"माझी आवड आता नाजूक झालीये. वय वाढलं की माणूस सुधारतो."

"सगळे नाही सुधारत," पापॉ म्हणाले. "माणसाचं वय दाढीवरून नव्हे, खिशावरून ओळखावं. दहाव्या वर्षी पोराला सगळ्यांत मोठा चाकू हवा असतो. विशीत सगळ्यांत कडक पोलाद हवं असतं. वाटतं, पोलाद कडक असलं की आपलं कधी काही तुटणार नाही."

"म्हणजे मी," शेल्बी म्हणाली.

"म्हणजे तू. पन्नाशीत माणसाला कोरा हवा असतो. तोवर एवढं काय काय झिजलेलं असतं, की वाटतं, एक तरी वस्तू बिनडागाची राहू दे."

रॉडनी हातमोज्यांकडे बघायला लागला. बोललं ते त्याला लागलं, आणि आवडलंही, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

"सत्तरीत मग तसलं काही नकोसं होतं," पापॉ पुढे म्हणाले. "बापाच्या खिशात जसा होता, अगदी तसाच हवा. मुठीवर ओरखडे आधीपासून असलेला."

"आणि ऐंशीला?" शेल्बीनं विचारलं.

"ऐंशीला गप बसून केक खावा."

सगळे हसले. मीही हसले, आणि मनात म्हटलं, हे डोकं गेलेल्याचं बोलणं असेल तर माझंही जाऊ दे.

तेवढ्यात ओलीटा आत्यानं हात पुढे केला. "वर्लिन, तो शिंगाच्या मुठीचा बघू."

पापॉंनी गुंडाळीतून तो काढला आणि तिच्यापुढे ठेवला. मिटलेला.

रॉडनीनं केकची बशी बाजूला सारली.

"उघडून द्या, डॅडी," रॉडनी म्हणाला.

"तिला हात नाहीत का?"

"तुम्ही उघडून द्या."

"माझ्या चाकूचं काय करायचं ते मला शिकवू नकोस."

"तुम्हीच शिकवलंत मला! याच टेबलावर. मी एकदा मिटलेला दिला होता तर हातावर चमचा हाणला होतात." रॉडनीचा आवाज चढला. "आणि हे काय आहे?"

त्यानं पापॉंच्या डांगरीच्या छातीच्या खिशाकडे बोट दाखवलं. खिशाच्या काठाला एक पत्र्याचा चाप होता आणि त्याच्याखाली भगभगीत केशरी काहीतरी. पापॉंनी ते हातानं झाकलं, पण उशीर झाला होता.

"पन्नास वर्षं तुम्ही हाड आणि शिंग सोडून कशाला हात लावला नाहीत. आणि आता हे केशरी प्लास्टिक?"

"आवड बदलते माणसाची."

"आजोबांचीही बदलली होती. जन्मात गोडाला न शिवलेला माणूस साखरेचा डबा घेऊन बसायला लागला होता. तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते, आवड बदलते."

बाई बाई! पापॉंचा चेहरा असा झाला, कोणी तोंडात मारल्यासारखा. आणि रॉडनी थांबेना. कपाटाची किल्ली, वरचं घर, मागची खोली, सगळं एका दमात बोलून मोकळा झाला.

शेल्बी पांढरीफटक पडली होती. तिची अडचण तेव्हा तिलाच माहीत, मला तिनं ती नंतर सांगितली. गेल्या उन्हाळ्यात ती न सांगता पापॉंकडे गेली, तेव्हा ते ओसरीवर बसून कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं दातांनी फाडत होते. खिशात चाकू असून. तिनं काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला एक चाकू घेऊन गेली, बोटानं टोक दाबलं की उघडणारा, मिटायलाही जोर न लागणारा. रानात पडला तर सापडावा म्हणून केशरी. पापॉंनी तिला बदल्यात एक पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, दिली, कारण फुकट दिलेला चाकू माया कापतो म्हणतात. आणि शपथ घातली, बापाला सांगायचं नाही. आता सांगावं तर शपथ मोडते, न सांगावं तर पापॉंचं घर जातं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा काय कळणार कपाळ!

"ओलीटा आत्या, तू तरी बोल," रॉडनी म्हणाला.

"वर्लिन," आत्या घसा खाकरून म्हणाली, "पोरगा बरोबर बोलतोय. आपल्या बापाच्या वेळी आपण हसण्यावारी नेलं. तू रीत विसरायला लागलायस. बघ, असं उघडून द्यायचं..."

तिनं तो शिंगाच्या मुठीचा चाकू उचलला, पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवलं आणि ओढलं. पातं हललं नाही. तिनं हात बदलला. नख सटकलं. जुन्या, घट्ट स्प्रिंगचा चाकू तो, चांगला चाकू असाच असतो. तिनं ओठ दाबून पुन्हा जोर लावला, आणि मग अचानक थांबली. चाकू हातात तसाच धरून ती भावाकडे बघत राहिली.

"वर्लिन," ती अगदी हळू म्हणाली. "तुला हा उघडतो?"

पापॉ खिडकीबाहेर बघत होते.

"शपथेवर सांग. उघडतो?"

त्यांनी मान हलवली. नाही.

ओलीटा आत्यानं चाकू खाली ठेवला आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "अरे देवा. आपण दोघं म्हणजे एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. रॉडनी, हे माझे मोत्याचे चाकू बघतोस ना? मला मोती कधीच आवडला नाही. हातात धरलं की साबणासारखं बुळबुळीत लागतं ते. स्प्रिंग हलकी असते म्हणून घेते. आणि जगाला सांगत सुटते, आवड नाजूक झाली!"

"म्हणजे?" रॉडनीला अजून उमजेना.

"म्हणजे अंगठा, बाबा," पापॉ म्हणाले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. अंगठ्यांची मुळं आल्याच्या गड्ड्यांसारखी सुजली होती. हे हात मी दर रविवारी बघत होते, त्यांत बशी देत होते, आणि मला दिसलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली. "डोकं नाही. अंगठा. उघडता येत नाही, म्हणून मिटलेला देतो. दुसऱ्यानं उघडला की मला मिटताही येत नाही. त्या दिवशी एक दातांनी उघडला, पण मिटेना, म्हणून टेबलावर टाकून गेलो. तुमच्यासमोर धडपडायचं नव्हतं."

"मग सांगायचं नाही का, डॅडी?"

"सांगून काय झालं असतं? या रविवारी अंगठा गेला म्हटलं, तर पुढच्या रविवारी किल्ली मागितली असतीस, त्याच्या पुढच्या रविवारी घर." पापॉंनी हात मांडीवर घेतले. "आणि बघ ना, न सांगताच मागितलीस. दोन्ही एकाच दिवशी."

रॉडनी खुर्चीत मटकन बसला. पंचावन्न वर्षांचा माणूस, हातात ते सुती हातमोजे, आणि रडायला लागला. मी त्याला असं रडताना फक्त सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं. "मला वाटलं आजोबांसारखं... मी रोज विचार करतो, आज फोन येईल, उद्या येईल. वरून धूर निघतोय, असं कोणीतरी सांगेल. मला तुमचे चाकू नकोत हो डॅडी. मला तुम्ही जळायला नको होतात."

मी मध्ये पडायचं नव्हतं, म्हणून नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुला काय वाटतं, मला ती भीती नाही?" पापॉ म्हणाले. "बाप माझा होता तो. रोज सकाळी उठलो की डोळे न उघडता कपाटातले चाकू म्हणतो. वरच्या फळीपासून, डावीकडून उजवीकडे. कोणाचा, कुठला. सगळे आले की मगच पाय खाली टाकतो. आजही सगळे आले."

मग ते शेल्बीकडे वळले. "पोरी, तू तोंड मिटून बसलीस, शाबास. तुला मोकळी केली आता. आणि खरं सांगू? मला तो केशरी चाकू आवडत नाही. अजिबात नाही. हातात घेतला की वाटतं, हे कुणाचं तरी खेळणं आहे."

"मला माहीत आहे, पापॉ."

"पण पोतं उघडतो. कपाटातले अजून सगळे आवडतात, एकूण एक. उघडता मात्र येत नाहीत. सर्वांत वाईट काय, तर आवड नाही गेली. ती गेली असती तर बरं झालं असतं."

ओलीटा आत्यानं पर्समधून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि पक्ष बदलला. "रॉडनी, किल्ली राहू दे त्याच्याकडे. घरही राहू दे. रविवारी तू वर जात जा आणि त्याला सगळे उघडून दाखवत जा. तूच मिट मग. सांधे सुजले म्हणून कोणी माणसाला मागच्या खोलीत टाकत नाही. नाहीतर माझी पण एक खाट घाल तिथे, बघ परवडतेय का!"

"आत्या, तू सकाळी फोनवर काय म्हणत होतीस?"

"सकाळी मला अक्कल नव्हती."

शेल्बी फिसकन हसली, मग मी, मग रॉडनीसुद्धा ओल्या डोळ्यांनी. त्यानं हातमोजे काढून टाकले, तो शिंगाच्या मुठीचा चाकू नुसत्या हातानं उचलला, उघडला आणि मूठ पुढे करून बापाच्या हातात दिला. पापॉंनी तो उजेडात धरला. पात्यावरून बोट फिरवलं, शिंगाच्या खाचांवरून फिरवलं, पुन्हा पात्यावर आले. घाई कोणालाच नव्हती. मी केकचे उरलेले तुकडे वाढले. असं वाटलं, गेलं, टळलं एकदाचं. रॉडनीचा चेहराही कित्येक महिन्यांनी सैल झाला होता.

"मग ठरलं, डॅडी," तो म्हणाला. "तुम्ही ठणठणीत आहात. वर राहा, तुमच्या मनाप्रमाणे राहा. मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

पापॉंनी चाकू त्याला उघडाच परत दिला. रॉडनीनं मिटला. मग पापॉ उठले, गुंडाळी काखेत घेतली, डांगरीच्या खिशात हात घातला आणि एक किल्ली काढून मेणकापडावर ठेवली.

"अहो, कपाटाची नकोय म्हटलं ना," रॉडनी म्हणाला.

"कपाटाची नाही. ट्रकची आहे."

त्यांच्याकडे ती कोणी मागितली नव्हती. मागायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"ज्या हातानं चाकू उघडत नाही, त्या हातानं वळणावर स्टिअरिंगचं चाक धरवत नाही," पापॉ म्हणाले. "बुधवारी गिरणीच्या वळणावर ते हातातून सुटलं. ट्रक पलीकडच्या बाजूला गेला. समोरून एक बाई येत होती, मागच्या सीटवर दोन लेकरं. तिनं गाडी गवतात घातली म्हणून वाचलो सगळे. उतरून मला विचारलं तिनं, आजोबा, बरे आहात ना? मी म्हटलं, बरा आहे. आणि आज त्याच रस्त्यानं पुन्हा आलो. कपाटाच्या किल्लीवरून तुझ्याशी भांडत बसलो, आणि ही खिशात होती."

"कोणाला बोलला नाहीत?" मी विचारलं. तोंडावरचं कुलूप राहिलं बाजूला.

"आज बोललो. अंगठ्याचं खरं सांगितल्यावर हे कसं लपवू, लॉर्ना?"

लॉरेल फोर्कच्या वर ना दुकान, ना शेजार. ट्रक नसला की चौक नाही, झाडाखालचे म्हातारे नाहीत, चर्च नाही. कोणी येईल तेव्हा आणि नेईल तिथे, एवढंच उरतं. घर राखलं म्हणून आम्ही हसलो होतो, पण त्या घरातून बाहेर पडायचा रस्ता त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला. शेल्बीनं जाऊन त्यांना मिठी मारली आणि ती सोडेना.

"चला डॅडी, मी सोडतो तुम्हाला," शेवटी रॉडनी म्हणाला. किल्ली त्यानं अशी उचलली, जणू तिचा चटका बसेल. "ट्रक घेऊनच जाऊ. आपल्या ट्रकनं."

आम्ही सगळे अंगणात आलो. पापॉ सवयीनं सरळ ट्रकच्या डाव्या, चालवणाऱ्याच्या बाजूला गेले, दार उघडलं, एक पाय वर ठेवला. तिथेच थांबले. पाय खाली घेतला, दार हळूच लावलं, आणि ट्रकला पुढून वळसा घालून, बॉनेटवर हात टेकवत टेकवत, दुसऱ्या बाजूला गेले. ते आत बसेपर्यंत रॉडनी अंगणात उभाच राहिला.